पाण्याचे आडनाव

मोहदऱ्याची मुलगी सून होऊन बोरथळला गेली, की पहिल्या सकाळी तिच्या हातात दुधाचे पातेले देताना सासू विचारतेच, "गळत नाही ना गं?" आणि ओट्यापाशी उभ्या असलेल्या सगळ्या बायका हसतात. विनोद जुना आहे. तो कळायला आमचे धरण पाहावे लागते.

मोहदरे वर, बोरथळ खाली, मधे चार किलोमीटरचा खडकाळ उतार. सत्तर वर्षांपूर्वी, एकोणीसशे बहात्तरच्या दुष्काळात धामणी नाला अडवून आमच्या वरच्या अंगाला हे मातीचे छोटे धरण बांधले. माती वाहणाऱ्यांत माझी आई होती. मी तेव्हा तिच्या पोटात होतो, त्यामुळे "दोन पाट्या तूही वाहिल्यास" असे ती म्हणायची. धरण दर भाद्रपदात काठोकाठ भरते आणि होळीला तळाशी डबके उरते. पाटाने शेतीला जाते ते त्यातले निम्मेही नाही. उरलेले गळते. कुठे गळते, कोणाला ठाऊक नव्हते. किती साहेब आले, भरावावरून चालले आणि 'गळती' एवढा एकच शब्द लिहून गेले.

बोरथळचे उलटे. तिथे गावाबाहेर कातळाच्या फटीतून एक झिरा वाहतो. सगळा मुलूख वाळतो त्या चैत्र-वैशाखातच त्याची बोटभर धार मनगटाएवढी होते. तिला झिरामाय म्हणतात; शेजारी तिचे छोटे देऊळ आहे. दुष्काळ संपल्यावर पुढच्याच उन्हाळ्यात ती पहिल्यांदा अशी प्रसन्न झाली, असे सांगतात. हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहणे कोणालाच सुचले नाही. मी जन्मभर पुस्तकांत डोके घालून बसलो, मलाही नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांची घागर भरायला आसपासची गावे झिऱ्यावर येतात. रांग ठरलेली असते. आधी माहेरी आलेल्या बोरथळच्या लेकी. मग बोरथळची माणसे. मग बाकीची गावे. सगळ्यांच्या शेवटी मोहदरे. ज्यांना स्वतःचे पाणी धरता येत नाही त्यांनी दुसऱ्याचे शेवटी घ्यावे, असा त्यामागचा न्याय.

योगिता ही माझ्या पुतण्याची, नितीनची, बायको. तिचे माहेर बोरथळ. झिऱ्याची पूजा करणारा समाधान पगार हा तिचा सख्खा थोरला भाऊ. म्हणजे विनोद करणाऱ्या घरातून ती विनोद ज्यांच्यावर होतो त्या घरात आली. इथे येऊन ती इतकी मोहदऱ्याची झाली, की पाणी वापर संस्थेच्या अध्यक्षपदाची निवडणूक तिने एका वाक्यावर जिंकली: "धरणाला अस्तर घालीन." शेततळ्याला घालतात तसा जाड काळा कागद, पण साऱ्या तळाला. मग एक थेंबही गळणार नाही आणि पाट वैशाखापर्यंत वाहील.

मी त्या संस्थेचा सचिव. तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यावर इतिवृत्त लिहायला कोणी मिळेना म्हणून मला धरले. सभेत बोलायला लावायचे नाही, एवढ्या अटीवर मी हो म्हटले.

अस्तर मंजूर झाले. गावात पेढे वाटले. पण त्या वर्षापासून एक नवा नियम लागू झाला होता. कोणत्याही धरणाचा तळ बंद करण्याआधी, त्यातून मुरणारे पाणी कुठे जाते ते शोधायचे. ते जिथे निघेल तिथेही त्या पाण्यावर पहिला शब्द साठवणाऱ्या गावाचा. त्यासाठी दसऱ्यानंतर, धरण भरलेले असताना, डॉ. सायली मोहिते नावाच्या बाई गावात आल्या. त्यांच्या गाडीत पांढऱ्या भुकटीचे दोन डबे होते.

ती भुकटी म्हणजे काय, हे मी बाईंकडून तीनदा समजावून घेतले. मला कळले तेवढे सांगतो. प्रत्येक जिवाच्या पेशीत आनुवंशिकतेची एक सूक्ष्म दोरी असते. तिच्यावर चार रासायनिक अक्षरांत त्या जिवाची सगळी माहिती लिहिलेली असते. आता तशी दोरी प्रयोगशाळेत बनवता येते. ती कोणत्याही जिवाची नसते, तिच्यावर फक्त एक शब्द लिहिलेला असतो. ही दोरी काचेच्या कणात बंद करतात. कण परागापेक्षा बारीक, पाण्याबरोबर खडकाच्या फटीतून सहज जाणारा, माणसाला किंवा माशाला काहीही न करणारा. प्रत्येक धरणाचा शब्द वेगळा. पुढे कुठल्याही विहिरीत एक काडी बुडवली, की ती कण पकडते, काच विरघळवते आणि आतला शब्द वाचते. धरणात कण किती दाट होते, विहिरीत किती आहेत, वाटेत मातीला किती चिकटले असतील, याचे गणित करून शंभर थेंबांतले किती थेंब कोणत्या धरणाचे, ते बाईंच्या फोनवर उमटते.

मला आमचे ग्रंथालय आठवले. पुस्तकाच्या पहिल्या पानाखेरीज आतल्या एका ठरावीक पानावरही आम्ही शिक्का मारायचो. कोणी मुखपृष्ठ फाडून, पहिले पान काढून पुस्तक आपले म्हणून मिरवले, तरी आतल्या पानावरून ते कुठले ते कळायचे.

हिलाल आबांना एवढे लांबण लागले नाही. आबा ऐंशीचे. त्यांचे शेत आमच्या पाटाच्या शेवटच्या चारीवर, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या फाट्यावर, बोरथळच्या शिवेला लागून. पाण्याची पाळी त्यांच्यापर्यंत यायच्या आत पाट कोरडा पडतो आणि दर वर्षी ओंबीत आलेला गहू जळतो. डबे रिकामे होत असताना ते भरावावरून ओरडले, "आते पानीले बी आडनाव लागनं, भो!"

"काय आडनाव लावायचं आबा?" कोणीतरी विचारले.

"गळके! दुसरं काय?"

सगळे हसले. आपल्यावरचा विनोद आपणच आधी करायची आम्हाला सवय लागली होती.

पौषापर्यंत काही कळले नाही. मग माघात बोरथळच्या एका विहिरीत काडीने आमचा शब्द वाचला. आठवड्याने दुसऱ्या विहिरीत. होळीच्या सुमारास बाईंनी शाळेच्या भिंतीवर नकाशा लावला. वर आमचे धरण, खाली बोरथळभर निळे ठिपके. कुठे शंभरात साठ, कुठे सत्तर.

"धरणाच्या तळाखालून एक उभी कातळभिंत जाते," बाई म्हणाल्या. "लाव्हा थंड होताना भेगेत शिरून घट्ट झालेला खडक. तिच्या दोन्ही अंगांना भेगा आहेत. तुमचं पाणी त्यांत उतरतं आणि भिंतीला धरून सरळ खाली चालत जातं. फार सावकाश. पावसाळ्यात उतरलेलं पाणी बोरथळला पोचतं ते उन्हाळ्यात."

मग मागच्या बाकावरून एक टाळी आली, आणि पाहता पाहता शाळेचे पत्रे वाजू लागले. मी माझ्या आयुष्यात मोहदऱ्याच्या माणसांना असे बसलेले पाहिले नव्हते. पाठी ताठ, माना वर. पंगतीत वाढपी शेवटी आपल्याकडे येणार हे गृहीत धरून बसलेली माणसे अचानक यजमान निघाली होती.

हिलाल आबा उठले. "सत्तर वर्षं आपण त्यांना पाजलं, अन् सत्तर वर्षं ते आपल्याला हसले. आता नियमानं पहिला शब्द आपला ना, बाई? मग घाला अस्तर! उद्या घाला! बघू मग झिरामाय कोणाच्या अंगात येते ती!"

शिट्ट्या वाजल्या. योगिता पुढे खुर्चीत बसली होती. ती हसली नाही.

काळ्या कागदाच्या गुंडाळ्या फाल्गुनात आल्या आणि भरावापाशी रचून ठेवल्या गेल्या. आखाजी झाली की डबके उपसून काम सुरू व्हायचे होते. त्या दिवसांत एका संध्याकाळी मी नितीनच्या घरी गेलो. योगिता भाकरी थापत होती. नितीन कांदे निवडत बसला होता.

"बाईंना विचारलं मी," योगिता म्हणाली. "अस्तर घातलं तर पुढच्या उन्हाळ्यात बोरथळच्या विहिरी तळाला जातील. आणि झिऱ्याचंही खरं नाही."

"तू मोहदऱ्याची अध्यक्ष आहेस," नितीन म्हणाला. "बोरथळची लेक घरात. सभेत नाही."

"पण गाव आटेल ना रे ते."

"आणि अस्तर नाही घातलं तर आबांचा गहू जळेल. त्यांच्यासारख्या सगळ्या शेवटच्या चारीचा. काहीतरी जळणारच आहे, योगिता. कोणाचं, एवढंच ठरवायचंय. आणि तू शब्द दिला आहेस."

"काका, तुम्ही काय म्हणता?"

मी म्हटले, दोन्ही बाजूंनी विचार करायला हवा. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तव्यावरची भाकरी करपायला लागली म्हणून मान वळवली, हे माझ्यावर उपकारच झाले.

तेवढ्यात समाधानचा फोन आला. हात पिठाचे होते, म्हणून तिने आवाज मोठा करून फोन ओट्यावर ठेवला.

"योगे, तुझ्या त्या डॉक्टरीणबाईला सांगून ठेव. मायच्या पाण्यात काडी घालायची नाही."

"विहिरींत तर निघालंच ना, भाऊ."

"विहिरी माणसांच्या. माय मायची."

"आणि झिऱ्यात निघालं तर काय होईल रे?"

मग समाधान म्हणाला, "बापानं जाताना मला पूजा दिली. तू आता मला सांगणार, की मी जन्मभर गळतीची पूजा केली?"

त्याने फोन ठेवला. नितीनने कांदे निवडायचे थांबवले. योगिताने पुढची भाकरी थापायला घेतली, पण ती गोल होईना.

आखाजीच्या सकाळी आम्ही बोरथळला गेलो. झाडांना झोके बांधलेले, पोरी गौराईची गाणी म्हणत होत्या, टोपल्यांत खरबुजे आणि सांजोऱ्या. झिऱ्याच्या तोंडाशी समाधान सोवळे नेसून, हातात तांब्या घेऊन उभा. मनगटाएवढी धार पडत होती. लेकींची रांग पिंपळाच्या सावलीत होती, आमची उन्हात, पार कांद्याच्या चाळीपर्यंत.

योगिता आमच्याबरोबर येऊन उभी राहिली.

"योगे, इकडे!" समाधानने हाक मारली. "लेकींची रांग इकडे."

"आज नाही भाऊ. आज मी यांच्यात."

"अगं, लेक ना तू?"

"लेक आहेच. पण ही माणसं दर वर्षी इथं उभी राहतात. म्हटलं, ऊन कसं लागतं ते बघावं."

लेकींच्या रांगेत कुजबूज झाली. समाधानचा चेहरा उतरला, पण घागरी पुढे येत होत्या, तो भरत राहिला. आमची पाळी आली तेव्हा सूर्य डोक्यावर होता. योगिताने घागर धारेखाली ठेवली. समाधानने ती भरली, वरचा काठ पुसला, आणि बहिणीकडे न पाहता म्हणाला, "ने."

"घागर माझी झाली ना आता?"

"झाली."

"मग हिच्यात काडी घातली तर मायच्या पाण्यात घातली असं होत नाही." तिने पदराच्या टोकाला बांधलेली काडी सोडली आणि त्याच्यापुढे धरली. "पण मी नाही घालणार. तू घाल. नाही घातलीस तरी मी घागर उचलून जाईन. गावात कोणाला काही म्हणणार नाही."

हिलाल आबा मागून म्हणाले, "अगं, तू कशाला थांबतेस? घाल की!"

"आबा, गप्प," योगिता मागे न वळता म्हणाली.

झोके थांबले होते. समाधानने तांब्या खाली ठेवला, हात सोवळ्याला पुसले आणि काडी घेतली. ती घागरीत बुडवताना त्याने डोळे मिटले. डॉ. सायली गर्दीतून पुढे आल्या. फोनकडे पाहून त्यांनी घसा साफ केला.

"शंभरात एक्क्याण्णव."

"बाकीचे नऊ?" कोणीतरी विचारले.

"ते डोंगराचे."

बोरथळच्या सरूबाई नावाच्या म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, "मग पितरांना इतकी वर्षं आपण मोहदऱ्याचंच पाणी पाजलं का गं बायांनो?"

"पितरांनी कधी तक्रार केली का, आत्या?" त्यांच्या शेजारची म्हणाली.

"नाही बाई. माझे सासरे तर स्वप्नात येऊन अजून मागतात."

हसू फुटले, दोन्ही गावांत. समाधान मात्र हसला नाही. काडी हातात धरूनच तो देवळात गेला आणि दार लोटून घेतले. योगिताने दाराकडे पाहिले, थोडी थांबली, मग घागर डोक्यावर घेतली.

परतीच्या वाटेवर आमची माणसे लग्नाहून यावीत तशी चालत होती. हिलाल आबा गात होते. योगिता सगळ्यांच्या पुढे होती.

चौथ्या दिवशी धरणावरच सभा बोलावली. सकाळी डबके उपसायचा पंप आला होता. ठेकेदाराचे लोक काळ्या गुंडाळ्यांवर बसून बिड्या ओढत होते. माणसे भरावाच्या माथ्यावर दाटीने बसली. योगिता उभी राहिली. तिच्या हातात कागद नव्हता.

"मी अस्तर घालीन म्हणाले होते. त्यावर तुम्ही मला निवडून दिलं. तो शब्द मी आज मोडतेय. अस्तर घालू नये असं माझं मत आहे."

एकदम गलका झाला. तिने तो थोडा ओसरू दिला.

"ऐका तर. काळा कागद घातला की हे काय होईल? एक मोठं शेततळं. तालुक्यात शेततळी ढीगभर आहेत. जमिनीखालून चार किलोमीटर चालत जाऊन देवीच्या पायाशी निघणारं पाणी कोणाचं आहे? दाखवा मला दुसरं गाव. आपल्या आज्यांनी डोक्यावर माती वाहून हे बांधलं. आपण त्याची लाज बाळगली. आता कळलं काय बांधलं होतं ते, आणि कळल्यावर पहिलं काम काय, तर ते बुजवायचं?"

"आणि बोरथळकरांनी हसायचं ते हसू द्यायचं?" एक तरुण ओरडला.

"आता कशाला हसतील? हसले तरी आपल्याच पाण्यानं घसा ओला करून हसतील."

थोडे हसू आले. पण हिलाल आबा उठले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर विनोद नव्हता. "ते सगळं खरं, व माय. तुझं बोलणं चांगलं. पण माझा गहू? मी ऐंशीचा झालो. एकदा, एका वर्षी, शेवटच्या चारीला पाणी आलेलं बघून मरावं म्हटलं होतं. त्याचं काय?"

योगिता आबांकडे वळली. मग म्हणाली, "त्याचं उत्तर माझ्याकडं नाही, आबा. खोटं नाही सांगणार."

"मग खाली बस," आबा म्हणाले. रागाने नाही, थकून.

ती बसली नाही. "दुसरा अध्यक्ष निवडायचा तर निवडा. पण आधी यावर मत घ्या."

मी हात मोजायला उठणार, इतक्यात कोणीतरी खाली बोट दाखवले. उतारावरून माणसे वर येत होती, पंधरा-वीस. पुढे समाधान पगार. बोरथळची माणसे आमच्या धरणावर कधी येत नसत. कारणच काय होते?

भरावाच्या पायथ्याशी समाधान थांबला. त्याने पायातल्या चपला काढल्या. देवळाबाहेर काढतात तशा, जोडीने, बाजूला सरकवून. मग तो अनवाणी दगडांवर चढू लागला. मागच्यांनी एकमेकांकडे पाहिले. एकेकाने पायातले काढले. पायथ्याशी चपला-बुटांची रांग लागली.

वैशाखातल्या अकरा वाजताचे ऊन. दगड तव्यासारखे. हिलाल आबांना राहवले नाही. "ओ पगार! बाभळीचे काटे आहेत तिथं! पाय भाजतील!"

"असू द्या."

माथा ओलांडून तो पाण्याच्या बाजूला उतरला. तळाशी हिरवट डबके होते, म्हशींनी ढवळलेले. त्यात त्याने बोटे बुडवली आणि डोळ्यांना लावली. मग वर आला. बहिणीकडे त्याने एकदाच पाहिले आणि सभेपुढे हात जोडले.

"मागायला आलोय," तो म्हणाला. "आजवर मागावं लागलं नाही, म्हणून मागायचं कसं ते येत नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. धरण बुजवू नका."

तो पुढे म्हणाला, "मी फुकट नाही मागत. बाईंच्या नकाशाचा फोटो चार दिवस बघतोय. तुमच्या धरणापासून आमच्यापर्यंत मधे एकही ठिपका नाही. का? तर मधे विहीरच नाही. पण पाणी काही उडी मारून येत नाही. ती कातळभिंत येते ती हिलाल आबांच्या बांधाखालून. बाई, खरं का खोटं?"

डॉ. सायली फोनवर नकाशा मोठा करून पाहत होत्या. "खरं आहे," त्या हळूच म्हणाल्या. "शेवटच्या चारीच्या सगळ्या शेतांना लागून जाते. तिथं विहीर खोदली तर हेच पाणी लागायला हवं. आतापर्यंत कोणी विचारलंच नाही, आणि मलाही सुचलं नाही."

"खोदायला बोरथळ येईल," समाधान म्हणाला. "आबा तिथं जितका वेळ उपसतील, तितका वेळ आमच्या मोटारी बंद. दोन्ही गावांची माणसं बसून ठरवू. पहिला शब्द मोहदऱ्याचा."

हिलाल आबांनी कान पुढे केला. "माझ्या शेताखालून?"

"हो."

"सत्तर वर्षं?"

"सत्तर वर्षं, आबा."

"आणि मी पाटाकडं तोंड करून बसलो!" आबांनी कपाळावर हात मारला. मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हलले. "थांब, थांब. म्हणजे माझ्या विहिरीला पाणी लागायचं तर ह्या धरणानं गळायला पाहिजे?"

"गळायला पाहिजे," योगिता म्हणाली.

आबांनी काळ्या गुंडाळ्यांकडे पाहिले, त्यांवर बसलेल्या ठेकेदाराच्या माणसांकडे पाहिले. "ए, उठा रे तिथून. घेऊन जा ते. गळू द्या की आमचं धरण! तुमच्या बापाचं काय जातं?"

मग जे हसू उठले त्यात आमचे कोणते आणि त्यांचे कोणते, ते मला वेगळे करता आले नाही. समाधान हसला. योगिताने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढला. अध्यक्षाने सभेत रडू नये असे तिला वाटत असावे.

"मत घ्यायचं राहिलंय," मी म्हटले. सभेत मी उच्चारलेले हे पहिलेच वाक्य. कोणाच्या लक्षात आले नाही, ते बरेच झाले. "अस्तर नको, या बाजूचे हात वर करा."

हात वर गेले. माथ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, काही तर बोरथळकरांचेही, ज्यांना मताचा अधिकार नव्हता. मी मोजायला सुरुवात केली आणि हिलाल आबांपाशी थांबलो. त्यांचा हात वर नव्हता. ते बसल्या जागी पुढे वाकले होते आणि गुडघ्यांमुळे त्यांना वेळ लागत होता. या भरावावर ते लहान असल्यापासून वावरले, म्हशी घेऊन, सायकल घेऊन, शिव्या देत.

ते बुटांच्या नाड्या सोडत होते.